चाळीसगावचा टांगा

अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ मध्ये खानदेशात आले होते. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाईनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची माहिती त्यांना घ्यायची होती. एक रात्र आमच्याकडे राहा, असा चाळीसगावच्या मंडळींनी आग्रह धरला. त्यांनी तो मोडला नाही.

त्या गावाहून ते परतले, तेव्हा स्टेशनवर हार घातले गेले. महारवाडा दोन मैलांवर, बाहेर टांगे उभे. तरी तासभर कोणी हलेना. अखेर एक टांगा आला. वाटेत मोटारीशी टक्कर होता होता चुकली. नदीवरच्या फरशीपुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. टांगा घोड्यासकट नदीत. पाय मोडला. बेशुद्ध बाबासाहेबांना महारवाड्यात नेले, तेव्हा बायापोरांनी आकांत मांडला.

खरी गोष्ट मागाहून कळली. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी यावे, हे आपल्या माणसांना सहन होईना. तडजोड निघाली : टांगा भाड्याने घ्या, हाकणारा तुमचा आणा. हाकणे कोणालाच येत नव्हते. त्यात काय एवढे, म्हणून एकाने लगाम धरला. पुढे जबाबदारी जाणवली आणि तो गांगरला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. १९०१ मध्ये, लहानपणी, मसूर स्टेशनवरही हीच तडजोड झाली होती : गाडी घ्या, तुम्हीच हाका. मधल्या २८ वर्षांत ते बॅरिस्टर झाले. तडजोड तीच राहिली.

हा प्रसंग सांगितला की माझे विद्यार्थी टांगेवाल्यांवर संतापतात. संताप रास्तच आहे. पण मी त्यांना त्या तासाभराकडे बघायला सांगतो. अपमान बाबासाहेबांपासून लपवला गेला, तो मायेपोटी. ‘आम्हाला येत नाही’ एवढे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुम्हाला काय येते?’ हेच ऐकवले गेले, त्यांना ते स्वतःच्या तोंडाने म्हणणे किती जड! घरातला पहिला पदवीधर म्हणून मी हे जाणतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी न समजलेला धडा मी मान खाली घालून वाचून दाखवला. सहकाऱ्याला विचारले नाही.

बाबासाहेबांनी आपल्या माणसांची चूक झाकली नाही, आणि बॅरिस्टरलाही हलका मानणाऱ्या टांगेवाल्याची प्रतिष्ठा कुठून येते, तेही दाखवले. आपले पडणेसुद्धा लपवले नाही.

चळवळीत घोषणा देणारे पुष्कळ आहेत. मित्राजवळ ‘मला भीती वाटते, मला येत नाही’ म्हणता येईल, अशी जागा थोडी आहे. ती आपणच करायला हवी. नाहीतर सन्मान राखण्याच्या भरात आपलेच माणूस पुन्हा दगडांवर पडेल.