अंगणातली विद्या आणि वरची पायरी

माझी मावशी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यात तीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत बालकांच्या वजनांची जुनी वही सापडली. समासात तिच्या हातच्या टिपा होत्या : ‘आई ऊसतोडीला, मूल आजीजवळ’, ‘वजन घटले, पुन्हा जाणे’. असे पाहायला तिला कोणी शिकवले? या प्रश्नानेच मी या विषयाच्या मागे लागलो.

‘अंगणवाडी’ हा शब्दच कामातून जन्मला. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आधी शाळेत शिकवत. बालशिक्षण त्या ताराबाईंच्या हाताखाली, प्रत्यक्ष कामात शिकल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला गेले आणि ताराबाईंच्या पश्चात त्याची धुरा अनुताईंनी वाहिली. हाताखाली शिकलेली बाई संस्थेची प्रमुख होऊ शकते, हे कोसबाडने दाखवले.

आपल्या नगर जिल्ह्यातला दाखला जामखेडचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. खेड्यात मुक्कामाला राहतील अशा परिचारिका मिळेनात, म्हणून गावांनीच आपल्यातल्या बाया निवडून दिल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. शिकण्याची रीत साधी होती. आठवड्याला जामखेडला यायचे, चित्रांवरून आणि चर्चेतून शिकायचे, गावात जाऊन ते करायचे आणि पुढच्या खेपेला अडलेले सर्वांसमोर मांडायचे. बालकाचे वजन घेणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, सुरक्षित बाळंतपण हे सारे त्या असेच शिकल्या. सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर नव्वदच्या दशकात पंचविशीच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत या बायाही होत्या. मात्र त्या राहिल्या स्वयंसेविकाच. मान वाढला, वेतनश्रेणी नव्हतीच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. सेविका नेमायची, मग प्रशिक्षण, अधूनमधून उजळणी वर्ग, असा क्रम ठरला. म्हणजे कामातून शिकणे येथेही आले. पण सेविकेला पगार नव्हे, मानधन. वरची पायरी मुख्यसेविकेची. बढतीने तेथवर पोचता येते, पण त्या जागा थोड्या आणि वाट पाहणाऱ्या पुष्कळ. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील सेविका-मदतनिसांच्या खटल्यात. योजना तेव्हा सत्तेचाळिशीत होती.

आता सेविकापदासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कार्यरत सेविकांसाठी अभ्यासक्रम सुचवले : बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा, कमी शिकलेल्यांना वर्षाचा, आणि तेही चालू काम फारसे न मोडता. बालशिक्षणाला पात्रता हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण जामखेडच्या त्या पहिल्या बाया आज अर्ज घेऊन आल्या, तर दारातूनच परत जातील. प्रमाणपत्र हाती आल्यावर मानधन किती वाढेल, पुढचे पद कोणते, हेही सेविकेला आधी सांगायला हवे.

कामातून शिकवणे आपल्याला पाऊणशे वर्षे जमते आहे. शिकलेल्या बाईला वर नेणे मात्र कोसबाडसारख्या एखाद्या ठिकाणीच जमले. मावशी सेविका म्हणून लागली आणि सेविका म्हणूनच निवृत्त झाली. तिच्या हाताखालच्या मदतनीस बाईंना मी ती वही दाखवली. अक्षरओळख बेताची असूनही, पान उलटताच त्या म्हणाल्या, “हा पोरगा आता ट्रॅक्टर चालवतो.”