दादरा-नगर हवेलीचा खटला आणि भारताचे परराष्ट्र धोरण (१९५४-१९६१)

दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिलढ्याविषयी, त्यातील स्वयंसेवकांविषयी आणि सुधीर फडके यांच्या सहभागाविषयी मराठी वाचकास बरीच माहिती आहे. त्या मानाने याच प्रदेशावरून हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षांहून अधिक काळ चाललेला खटला उपेक्षित राहिला आहे. त्याचा उल्लेख झालाच तर 'भारताने खटला जिंकला' एवढ्यावर आटोपतो. हे विधान अर्धेच खरे आहे. या निकालाने भारताच्या धोरणाला कोणते वळण दिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दमण समुद्रकिनाऱ्यावर, तर दादरा आणि नगर हवेली भूभागाच्या आत. मधला मुलूख भारताचा. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दोन्ही ठिकाणची पोर्तुगीज सत्ता उलथली. त्याच सुमारास भारताने दमणहून जाणारी वाट बंद केल्याने पोर्तुगालला तेथे अधिकारी वा सैन्य पाठविता आले नाही. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. इतर राष्ट्रांना या स्वीकृतीची वार्ता पोहोचण्यापूर्वीच खटला उभा राहिला, हा भारताचा आक्षेप व्यवहारदृष्ट्या रास्त होता. तथापि २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालात न्यायालयाने भारताच्या सहा प्राथमिक आक्षेपांपैकी चार फेटाळले व दोन मूळ दाव्यासोबत ऐकण्याचे ठरविले.

इतिहासाच्या अभ्यासकास खटल्याचा पुढील भाग अधिक रोचक वाटेल. पोर्तुगालची भिस्त मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या पेशवेकालीन हुकमांवर होती. तहाने या परगण्यांचे सार्वभौमत्वच मिळाले, असे त्याचे म्हणणे होते. भारताच्या मते तह विधिवत पुरा झालेला नव्हता आणि झाला असला तरी दिले गेले ते केवळ उत्पन्न. न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. अठराव्या शतकातील तहाची वैधता नंतर रूढ झालेल्या पद्धतींवरून ठरविता येत नाही, म्हणून तह ग्राह्य. मात्र त्याने मिळाली ती सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाची जहागीर अथवा सरंजाम, राज्य नव्हे. पुण्याच्या दफ्तरातील एका परिभाषेचा अर्थ हेगमध्ये निश्चित व्हावा, हा इतिहासातील एक विलक्षण योगच म्हणावा लागेल.

परंतु येथे भारताचे समाधान अल्पकाळ टिकते. मराठी सत्तेच्या जागी आलेल्या ब्रिटिशांनी या परगण्यांवरील पोर्तुगालचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात व गर्भितपणे मान्य केले आणि पुढे भारतानेही ते मूकपणे स्वीकारले, असे न्यायालयाने मानले. जे पेशव्यांनी दिले नव्हते ते ब्रिटिशांच्या मौनाने सिद्ध झाले! वसाहतवादी राजवटीच्या वर्तनाचे ओझे स्वतंत्र राष्ट्राने का वाहावे, हा प्रश्न निकालपत्रात जवळजवळ अस्पर्शित राहतो. प्रस्तुत लेखकास ही निकालाची सर्वांत कच्ची बाजू वाटते.

१२ एप्रिल १९६० च्या अंतिम निकालात न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला. सव्वाशे वर्षांची वहिवाट हा त्याचा आधार. केवळ दोन राष्ट्रांमध्येही बंधनकारक रूढी निर्माण होऊ शकते, हे तत्त्व येथेच प्रस्थापित झाले. सशस्त्र दले व शस्त्रास्त्रे यांबाबत मात्र ८ विरुद्ध ७ मतांनी हक्क नाकारला गेला, कारण १८७८ च्या तहापासून त्यांचा प्रवेश परवानगीवर अवलंबून होता. १९५४ मधील तणाव पाहता वाट रोखणे हे भारताच्या नियमनाधिकारात बसते, असा निर्णय ९ विरुद्ध ६ मतांनी झाला. थोडक्यात, पोर्तुगालला कागदावर हक्क मिळाला, रस्ता मिळाला नाही. भारताच्या वतीने नेमलेले तदर्थ न्यायाधीश मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते.

दिल्लीच्या धोरणावरील परिणाम कृतीइतकाच संयमातही दिसतो. १९५४ पासून सात वर्षे हा प्रदेश स्थानिक प्रशासनाच्या हाती राहिला. भारताने तो औपचारिकरीत्या सामील करून घेतला नाही. न्यायप्रविष्ट प्रदेश गिळंकृत केल्याचा आरोप टाळणे हा त्यामागील एक हेतू असावा, असे अनुमान काढता येते. विलीनीकरण झाले ते ऑगस्ट १९६१ मध्ये, दहाव्या घटनादुरुस्तीने. तेव्हाही विधीचा सोपस्कार सुटला नाही. करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यास तेथील 'पंतप्रधान' नेमावे लागले. त्यानंतर चार महिन्यांनी गोव्यात लष्करी कारवाई झाली, तेव्हा सुरक्षा परिषदेतील ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने रोखला गेला. तेथे भारताचा युक्तिवाद वहिवाटीचा नव्हता. वसाहतीला कायदेशीर सीमाच नसते, असा होता.

१९५५ च्या त्या तीन दिवसांचा धडा भारत विसरला नाही. सप्टेंबर १९७४ च्या घोषणापत्रात अर्जापूर्वी बारा महिन्यांच्या आत अधिकारक्षेत्र स्वीकारणाऱ्या राष्ट्राचा दावा वगळण्यात आला, आणि २०१९ च्या नव्या घोषणापत्रातही ही अट कायम आहे. त्याच १९७४ च्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले.