आधीं कोपरा, मग कड, शेवटीं मध्य

श्रोतेहो, बुद्धिबळाचा पट आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा आहे. तेथें पहिली चाल होण्यापूर्वींच दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं असतात. चीनमध्यें उदय पावून जपानांत वाढलेल्या 'गो' या खेळाची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. तेथें डावाच्या आरंभीं पट अगदीं रिकामा असतो. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेदबिंदु, आणि दोघां खेळाडूंपाशीं काळ्या व पांढऱ्या सोंगट्या, एवढीच सामग्री. काळ्यानें प्रथम एका बिंदूवर सोंगटी ठेवावयाची, मग पांढऱ्यानें. एकदां ठेवलेली सोंगटी पुन्हां हलवावयाची नाहीं. शत्रूनें तिच्या साऱ्या वाटा बंद केल्या, तरच ती पटावरून उचलली जाते. शेवटीं ज्यानें अधिक मुलूख वेढला त्याचा जय.

नियम इतके थोडे असल्यामुळें नवशिक्याची अडचण पहिल्या चालीपासूनच सुरू होते. ३६१ जागा मोकळ्या असतां सोंगटी ठेवावी तरी कोठें? या प्रश्नाला जपानी गुरूंनीं दिलेलें उत्तर सुटसुटीत आहे: आधीं कोपरा, मग कड, शेवटीं मध्य. हें वचन शिष्यांच्या अनेक पिढ्यांनीं पाठ केलें. परंतु पाठ केलेलें वचन आणि समजलेलें वचन यांत अंतर असतें, आणि तें किती असतें हें गोच्या इतिहासानें फार स्पष्टपणें दाखविलें आहे.

प्रथम त्या वचनामागील हिशेब पाहूं. समजा, तीन बाय तीन अशा नऊ बिंदूंचा मुलूख वेढावयाचा आहे. कोपऱ्यांत पटाच्या दोन कडाच कुंपणाचें काम करतात. म्हणून सहा सोंगट्यांत कार्य उरकतें. एकाच कडेला लागून तोच मुलूख घ्यावयाचा तर नऊ सोंगट्या लागतात. पटाच्या मध्यभागीं चारहि बाजू आपणच बांधावयाच्या. तेथें बारा सोंगट्या खर्ची पडतात. मुलूख तेवढाच, पण खर्च दुप्पट! ज्याला आपल्या शेताला बांध घालण्याचा प्रसंग आला आहे, त्याला हें अधिक समजावून सांगावयास नको.

दुसरा हिशेब याहून मनोरंजक आहे. कडेपासूनच्या तिसऱ्या रेघेवर चोहों बाजूंनीं सोंगट्या मांडल्या, तर ५६ सोंगट्या लागतात व त्यांच्या बाहेरच्या अंगास, कडेकडे, १३६ बिंदु मिळतात. चौथ्या रेघेवर तसेंच कडें केलें, तर ४८ सोंगट्यांत मध्यभागाचे १२१ बिंदु हातीं येतात. म्हणजे तिसरी रेघ मुलखाची आणि चौथी रेघ मध्याकडे पाहणाऱ्या प्रभावाची. आणि या दोहोंचीं पारडीं जवळजवळ समतोल आहेत. आरंभींच्या बहुतेक चाली याच दोन रेघांवर कां पडतात, याचें मर्म यांत आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. जुन्या चिनी पद्धतींत डाव सुरू होण्यापूर्वींच चारी कोपऱ्यांत, कडेपासून चौथ्या रेघांच्या छेदावर, म्हणजे 'तारा' या बिंदूवर, प्रत्येक पक्षाच्या दोन दोन सोंगट्या मांडून ठेवीत. ही प्रथा चीनमध्यें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. जपानांत मात्र ती पुष्कळ आधीं सुटली, आणि पट रिकामा झाल्याबरोबर आरंभ कसा करावा या विचारास तेथें जन्म मिळाला. या मांडणीला जपानी लोक 'फुसेकी' म्हणतात. तोकुगावा राजवटींत होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी अशीं चार घराणीं राजाश्रयानें नांदत होतीं. त्यांच्यांत या शास्त्राची मशागत झाली. होनिन्बो घराण्याचा शूसाकु (१८२९ ते १८६२) यानें काळ्या सोंगट्यांनिशीं खेळतांना पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या चालीनें तीन कोपऱ्यांत पाय रोवण्याची पद्धत इतकी पूर्णत्वास नेली कीं, ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. शोगुनच्या किल्ल्यांतील वार्षिक सामन्यांत १८४९ ते १८६१ या काळांत त्यानें ओळीनें १९ डाव जिंकले.

या परंपरेंत कोपरा घेण्याची मान्य जागा म्हणजे एका कडेपासून तिसरी व दुसऱ्या कडेपासून चौथी रेघ यांचा छेद. येथील सोंगटी उत्तम खरी, पण कोपरा पक्का करण्यास तिला पुढें आणखी एका चालीची जोड लागते. काळ्यास हा सावकाशपणा परवडत असे. कारण प्रथम खेळण्याचा लाभ त्याच्याकडे असूनहि त्या काळीं त्याबद्दल पांढऱ्यास भरपाई देण्याची रीत नव्हती. उलट, दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघांवरील 'तीन-तीन' हा बिंदु होनिन्बो घराण्यांत निषिद्ध मानला जाई. पहिली चाल तेथें करावयाची नाहीं, असा दंडक होता.

हा दंडक मोडण्याचें धाडस दोन तरुणांनीं केलें. एक जपानी, किटानी मिनोरू, जन्म १९०९. दुसरा चीनच्या फूच्येन प्रांतांत १९१४ सालीं जन्मलेला सेइगेन. त्याचें घराण्याचें नांव 'गो' असेंच होतें. पण त्याचा खेळाच्या नांवाशीं संबंध नाहीं. वडिलांनीं जपानांतून आणलेल्या पुस्तकांवरून शिकलेला हा मुलगा १९२८ सालीं जपानांत आला. १९३३ च्या उन्हाळ्यांत नागानो भागांतील जिगोकुदानी येथील उष्ण झऱ्यांच्या ठिकाणीं दोघे एकत्र राहिले. तेथें झालेल्या चर्चेंतून जो विचार आकारास आला, त्यास 'शिन-फुसेकी' म्हणजे नवी मांडणी हें नांव मिळालें. तारा-बिंदूवर किंवा तीन-तीनवर एकच सोंगटी ठेवून कोपऱ्याचा निकाल लावावा आणि वांचलेली चाल कडेकडे व मध्याकडे लावावी, हें तिचें सूत्र.

तिची कसोटी लगेच लागली. १६ ऑक्टोबर १९३३ रोजीं एकोणीस वर्षांचा सेइगेन व साठीच्या उंबरठ्यावरील शूसाई यांचा डाव सुरू झाला. शूसाई हे होनिन्बो घराण्याचे प्रमुख व 'मेजिन' या सर्वोच्च पदाचे धनी. सेइगेननें पहिली सोंगटी ठेवली ती तीन-तीनवर. दुसरी समोरच्या कोपऱ्यांतील तारा-बिंदूवर, आणि तिसरी पटाच्या अगदीं मध्यबिंदूवर! घराण्याच्या प्रमुखासमोर घराण्याचा निषिद्ध बिंदु! पाहणाऱ्या कित्येकांना हा विचार न वाटतां उपमर्द वाटला. मंचूरियाच्या प्रकरणास दोनच वर्षें लोटलेलीं, आणि खेळणारा चिनी. तेव्हां त्या मुलाच्या शिरावर केवढा भार होता याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. पांढऱ्यास वाटेल तेव्हां डाव तहकूब करण्याचा अधिकार त्या काळीं होता. डाव तेरा वेळां तहकूब झाला, आणि १९३४ च्या जानेवारीअखेर संपला. शूसाईंनीं तो दोन बिंदूंनीं जिंकला. त्यांची १६० वी चाल निर्णायक ठरली. पण लक्षांत घ्यावें कीं, ती डावाच्या ऐन मध्यांतली चाल होती. आरंभींच्या त्या तीन चालींनीं सेइगेन बुडाला, असें कोणास सिद्ध करतां आलें नाहीं. त्याच १९३४ सालीं नव्या मांडणीवरील पुस्तक निघालें आणि त्याचा मोठा खप झाला.

यापुढील भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. लाट आली तशी ओसरली. मध्यबिंदूचा मोह थोड्याच वर्षांत मावळला. खुद्द किटानी पुढें कडेच्या मुलखावर भर देऊं लागले. पण तारा-बिंदु राहिला. १९३९ मध्यें सुरू झालेल्या होनिन्बो स्पर्धेंत पांढऱ्यास कांहीं बिंदूंची भरपाई देण्यांत आली. ती पुढें साडेपांच व नंतर साडेसहा झाली. काळ्याचा सावकाशपणा महाग झाला, आणि एका चालीत कोपरा राखणाऱ्या सोंगटीचें मोल वाढलें.

मार्च २०१६ मध्यें सोलमध्यें 'अल्फागो' या यंत्रानें कोरियाच्या ली सेडोल या श्रेष्ठ खेळाडूस पांच डावांच्या सामन्यांत चार विरुद्ध एक असें हरविलें. दुसऱ्या डावांतील त्याची ३७ वी चाल पांचव्या रेघेवर पडली, तेव्हां जाणकार स्तिमित झाले. त्यानंतर यंत्रांनीं आणखी एक नवल दाखविलें. प्रतिपक्ष्याच्या तारा-बिंदूखालीं शिरून तीन-तीनचा बिंदु डावाच्या आरंभींच घेणें ही घाई होय, असें गुरु शिकवीत आले होते. यंत्रें तीच चाल बेधडक करूं लागलीं, आणि आज मोठे खेळाडूहि ती करतात. मात्र हींच यंत्रें पहिल्या चाली कोपऱ्यांतच करतात!

यांत नवशिक्यासाठीं सारें आलें. ज्या नियमामागें हिशेब होता, तो बंडखोरांच्या व यंत्रांच्याहि हातून अबाधित सुटला. ज्या नियमामागें नुसती संवय होती, तो गळून पडला. म्हणून, नव्यानें खेळणाऱ्या माझ्या मित्रांनो, पहिल्या चार चालींत मोकळे कोपरे सांधा. नंतर एखादा कोपरा पक्का करा, किंवा शत्रूच्या कोपऱ्याजवळ जा; मग कडेवर पसरा. तिसरी व चौथी रेघ यांचा तोल राखा. एका कोपऱ्यांतील लहानशा भांडणांत गुंतून बाकीचा पट शत्रूस आंदण देऊं नका. आणि प्रत्येक सोंगटी ठेवतांना स्वतःस विचारा: ही येथें कां? ज्या दिवशीं "गुरुजींनीं सांगितलें म्हणून" यापेक्षां बरें उत्तर सुचेल, त्या दिवशीं खेळ येऊं लागला असें समजावें. वर्गांतील गणितालाहि हीच कसोटी लावावी, असें माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास वाटल्यास नवल नाहीं.