अल्फा लहरी आणि सर्जनशील विचार

येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत-चढउतारांची पहिली नोंद केली आणि, आपल्या निरीक्षणांची वर्षानुवर्षे फेरतपासणी करून, ती 1929 मध्ये प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून घेतल्या जाणाऱ्या या आलेखाला आज ईईजी म्हणतात. त्यातील सेकंदाला सुमारे 8 ते 13 आवर्तनांच्या लहरींना बर्गर यांनी अल्फा हे नाव दिले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात त्या ठळक दिसत आणि डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात हिशेब करू लागताच मावळत, म्हणून अल्फा ही मेंदूच्या विश्रांतीची खूण आहे, अशी समजूत पुढे अनेक दशके रूढ राहिली.

तिचा फेरविचार करणे भाग पडले ते सर्जनशीलतेच्या अभ्यासामुळे. अपसारी विचार, म्हणजे एकाच प्रश्नाची अनेक वेगवेगळी उत्तरे शोधण्याची क्षमता, मोजण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी विटेसारख्या नेहमीच्या वस्तूचे निरनिराळे उपयोग विचारणारी चाचणी रूढ केली होती. 1970 च्या दशकात मेन विद्यापीठातील कॉलिन मार्टिंडेल यांनी ती ईईजी लावून घेतली, तेव्हा अधिक सर्जनशील व्यक्तींमध्ये उपयोग सुचवताना अल्फा जास्त आणि बुद्धिमापन चाचणी सोडवताना कमी आढळली. 1978 मध्ये त्यांनी कथा सुचण्याचा आणि ती विस्ताराने रचण्याचा काळ वेगवेगळा मोजला, आणि अशा व्यक्तींमध्ये अल्फा सुचण्याच्या काळातच अधिक होती. सर्जन ही एकसंध क्रिया नसून तिच्या अवस्था स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, ही या प्रयोगाची खरी देणगी होय.

मार्टिंडेल यांनी स्वतः मात्र या वाढीचा अर्थ मेंदूची शिथिलता असाच लावला. पुढे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे आंद्रेआस फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे स्पष्टीकरण पुढे आणले, ते असे की कल्पना सुचत असताना बाहेरील संवेदनांना थोपवून अवधान आत वळवले जाते आणि वाढलेली अल्फा हे त्याचेच चिन्ह आहे. मार्क युंग-बीमन आणि जॉन कूनिओस यांच्या 2004 च्या प्रयोगाने या मताला बळ मिळाले, कारण शब्दकोड्याचे उत्तर एकाएकी सुचण्याआधी मेंदूच्या उजव्या बाजूच्या दृष्टीशी संबंधित भागावर अल्फा वाढली आणि त्यानंतर उजव्या शंखखंडात, म्हणजे कानाजवळच्या भागात, अतिजलद गॅमा लहरी उमटल्या.

तरीही आर्ने डीट्रिख आणि रियाम कान्सो यांनी 2010 मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा अल्फाची वाढ किंवा मेंदूचा उजवा भाग यांपैकी कशाशीही सर्जनशीलतेचे खास नाते सर्वत्र टिकून राहिलेले दिसले नाही. विटेचे उपयोग, कथा आणि शब्दकोडे अशा भिन्न कामांना एकच नाव देऊन मोजल्यावर याहून वेगळे काही हाती लागणे अवघडच होते.