पंच्याऐंशी दिवसांचा हिशेब

ज्येष्ठ वद्य पक्षात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी मागे टाकून विश्रांतवाडीत येते, तेव्हा हात पादुकांसाठी जोडले जातात आणि लगेच नजर रथाच्या बैलांवर जाते. पांढरीशुभ्र, उंच, मागे झुकलेल्या लांब शिंगांची खिल्लार जोडी. रथाला जोडी देण्याचा मान आळंदीतली घराणी आळीपाळीने सांभाळतात. मान मिळाला की मनाजोगते बैल शोधत बाजार पालथे घातले जातात. आळंदी रस्त्यावर आज दोन्ही बाजूंना इमारती आहेत, गोठा शोधावा लागतो. तरी वर्षातून एकदा हा रस्ता गोवंशाची जुनी ओळख सांगून जातो: गाय होती ती बैलासाठी.

दख्खनच्या पठारावर शतकानुशतके असेच होते. आटपाडी, म्हसवड या दुष्काळी टापूत ठिल्लारी लोक कळप घेऊन चाऱ्यामागे फिरत आणि खोंड विकून पोट भरत. खिल्लार गायीचे दूध वासरापुरते, फार तर घरच्या चहापुरते. ती पहिल्यांदा विते तेच चौथ्या वर्षाच्या आगेमागे. पुढचे वेत दीड वर्षाने आले तरी कोणी तिला भाकड म्हणून हिणवत नसे. कळपातला एखादा देखणा खोंड वळू म्हणून राखायचा आणि बाकीचे बडवून नांगराला, गाडीला लावायचे, ही निवड पिढ्यान् पिढ्या चालली. वही नव्हती, पण कुठल्या गायीचा खोंड कसा निघतो हे राखणाऱ्याला तोंडपाठ असे. खिल्लारचे रूप आणि चाल या माणसांनी घडवली, आणि तिचे श्रेय त्यांना फारच कमी मिळाले.

वही आली ती छावणीबरोबर. गोऱ्या पलटणींना स्वच्छ दूध-लोणी मिळावे म्हणून सरकारने १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला लष्करी गोपालन फार्म काढला आणि पुढे देशभरच्या छावण्यांत असे फार्म उभे राहिले. पुण्याजवळ पिंपरीत ‘डेअरी फार्म’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. इथे गाय दुधासाठी होती. देशी गायींवर विलायती वळूंचा संकर करण्याचे प्रयोग याच फार्मांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत झाले. आणि दूध मोजायला लागले की वेतेही मोजावी लागतात, कारण गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही.

तो हिशेब असा. गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. गावाकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. वर्षाला एक वासरू हवे तर उरतात ८५ दिवस. व्यायल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला त्यातला दीड-दोन महिन्यांचा काळ जातो. माज येतो साधारण २१ दिवसांनी आणि टिकतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस. म्हणजे हातात एखादा-दुसरा माज. तो रात्री येऊन गेला, कोणाच्या लक्षात आला नाही, किंवा भरवूनही गाय उलटली, की तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत चारा तेवढाच लागतो. म्हशीची गोष्ट आणखी अवघड: दहा महिने दहा दिवस पोटात, शिवाय उन्हाळ्यात मुका माज. म्हशीला दर वर्षी विण्याचा आग्रह धरणे मला तिच्यावर अन्यायच वाटतो.

माज वेळेवर दिसला तरी वळू हवाच, आणि चांगला वळू प्रत्येक गावात नसतो. याचे उत्तर कृत्रिम रेतनाने दिले. भारतात ते प्रथम १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी यशस्वी केले. पण ताजे रेत फार टिकत नसे. १९४९ मध्ये इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलचा गुण उमगला आणि रेत गोठवून साठवणे शक्य झाले. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात कांडी वर्षानुवर्षे टिकू लागली. वळू एका ठिकाणी, त्याची वासरे दहा जिल्ह्यांत.

पुणे जिल्ह्यात ही कांडी शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली ती उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर ते तिथे आले आणि निसर्गोपचार आश्रमासाठी तिथलेच होऊन राहिले. आश्रमात गीर गायी राखताना मिळालेला अनुभव घेऊन १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संस्थेची मोठी सुधारणा साधीच होती: माजावर आलेली गाय दवाखान्यापर्यंत चालवत नेण्याऐवजी तंत्रज्ञाने गोठ्यात यायचे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कोस-दोन कोस चालवून ही वेळ साधत नव्हती, घरी साधू लागली. दोन एकराच्या शेतकऱ्याकडे संकरित कालवड आली आणि मुलांची फी दुधाच्या पगारातून जाऊ लागली. हे यश मोठे आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन अशा तीन रक्तांतून ‘फुले त्रिवेणी’ घडवली, तीही याच काळातल्या प्रयत्नांची.

पण त्याच गोठ्यात खोंड जन्मला की आनंद मावळू लागला. संकरित खोंडाला वशिंड नावापुरते, उन्हात तो धापा टाकतो, आणि नांगराचे काम तोवर ट्रॅक्टरने घेतले होते. जो कधीकाळी गायीची किंमत ठरवायचा, तो आता चिकानंतर दुधातला वाटेकरी ठरला. बैलगाडा शर्यतींनी खिल्लार खोंडाला तेवढा एक आधार ठेवला होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या आणि मे २०२३ च्या निकालाने पक्क्या पायावर पुन्हा उभ्या राहिल्या.

देशातले लष्करी फार्म २०२१ मध्ये कायमचे बंद झाले. दरम्यान, लिंगनिर्धारित रेताच्या कांड्या आल्या आहेत. त्यातून दहात नऊ वेळा कालवड होते आणि दूधउत्पादकाचा मोठा खर्च वाचतो. रथाला जोडायचा पांढरा खोंड मात्र अजूनही एखादी खिल्लार गाय, तिच्या सवडीने, माणदेशातल्या एखाद्या गोठ्यात जन्माला घालते.