शेक, रक्तातली प्रथिने आणि एक अवघड प्रश्न

"डॉक्टर, या रिपोर्टवरून बाबा किती दिवस काढतील ते कळतं का?" अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो 'शेक', सुरू असलेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

रिपोर्टमधली ही प्रथिने मुळात दुसऱ्याच आजारांत सापडली. सीआरपी १९३० मध्ये न्यूयॉर्कला, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. सीईए १९६५ मध्ये कॅनडात, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात. एससीसी अँटिजेन १९७७ मध्ये जपानमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. त्यामुळे धूम्रपानाने सीईए, सोरायसिसने एससीसी आणि साध्या संसर्गानेही सीआरपी वाढू शकते.

पी५३ ची गोष्ट तर फार बोलकी आहे. १९७९ मध्ये सापडलेले हे प्रथिन कर्करोग वाढवते, असे दहा वर्षे वाटत होते. १९८९ मध्ये उलटेच दिसले: ते कर्करोगाला रोखते. रेडिएशनने पेशीच्या डीएनएवर घाव होतो आणि अशी पेशी थांबवणे किंवा मारणे हे पी५३ चे काम. म्हणून शेक कोणाला लागू पडेल ते यावरून कळेल, अशी आशा होती. पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.

खरा फरक पडला तो उपचारांनी. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या एका अमेरिकन चाचणीत फक्त शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी कोणीच हयात नव्हते. सोबत केमोथेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के होते. उपचार ठरवताना कोणतेही प्रथिन पाहिले नव्हते.

२००३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी वाढलेले सीआरपी आणि कमी झालेले अल्ब्युमिन एकत्र मोजण्याची पद्धत मांडली. ती फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होती, नंतर अन्ननलिकेसाठीही वापरली गेली. दोन्ही बिघडलेल्या रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी दिसते. पण सरासरी म्हणजे तुमचे बाबा नव्हेत.

म्हणून आकडा पाहून धीर सोडू नका. घास अडकतो का, वजन उतरते का, ताप येतो का, हे दर आठवड्याला डॉक्टरांना सांगा. गिळता येत नसेल तर नळीने अन्न देता येते. शेक मध्येच थांबू नये, यासाठी घरच्यांना करता येण्यासारखे हे मोठे काम आहे.