पाठीला चिलखत नसलेला वाटसरू

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लावून, कढत पाण्याने न्हाऊन मुले अंगणात येतात आणि काही घरांतून अजूनही पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतात. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. ते फुटले की असुर मेला आणि फराळाला बसायची मोकळीक झाली! एका दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलाने मला विचारले, "गुरुजी, नरकासुराला आपण दरवर्षी मारतो, मग तो दरवर्षी परत येतो कसा?" वर्ग हसला. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. ते पुढे मला एका अनपेक्षित जागी सापडले. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज भांडी सांधणाऱ्याच्या पुस्तकांत! त्याचीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

आमचा मुलूख बारामती-इंदापूरचा. ज्येष्ठात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीवरून, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते आणि पुढे सराटीजवळ नीरा ओलांडते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. वाट, वाटसरू आणि वाटेतला मुक्काम या गोष्टी इथल्या लहान पोरालाही समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या पालखीच्या रस्त्यालगत आमच्या शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहत. जन्मभर दवाखान्यात परिचारिकेचे काम केलेल्या. वारी आली की दारात पाण्याचे दोन रांजण भरून ठेवीत आणि स्वतः तांब्या घेऊन उभ्या राहत. त्यांच्याच फडताळात मला एक जीर्ण मराठी पुस्तक मिळाले. एका यात्रेकरूची गोष्ट. कर्त्याचे नाव जॉन बन्यन.

हा बन्यन इ. स. १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो नावाच्या खेड्यात जन्मला. आपल्या शिवरायांहून दोन वर्षांनी मोठा. बापाचा धंदा फुटकी भांडी सांधण्याचा, तोच याचा. शाळा जेमतेम झालेली. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले तेव्हा पोरवयातच तो पार्लमेंटच्या फौजेत शिपाई होता. पुढे धर्माकडे मन वळले आणि तो गावोगाव उपदेश करू लागला. परवान्यावाचून उपदेश करण्याची बंदी होती. ती त्याने मानली नाही, म्हणून १६६० साली त्याला तुरुंगात टाकले. "उपदेश सोडतो" एवढे शब्द उच्चारले असते तर तो घरी जाता. घरी बायको होती, लहान मुले होती आणि त्यांतली थोरली मुलगी आंधळी होती. तुरुंगात बसून तो बुटांच्या नाड्या तयार करी आणि त्या विकून घर चाले. ही लढाई त्याने बारा वर्षे लढली. १६७२ साली तो सुटला. १६७८ साली त्याच्या यात्रेकरूचे पुस्तक छापले गेले. इकडे शिवाजी महाराज त्याच सुमारास दक्षिणेच्या स्वारीहून परतले होते.

पुस्तकाची गोष्ट साधी आहे. पाठीवर पापाचे गाठोडे घेतलेला एक माणूस आपले विनाशाचे गाव सोडतो आणि स्वर्गीय नगराची वाट धरतो. गाठोडे वाटेत गळून पडते, पण वाट संपत नाही. 'सुंदर' नावाच्या एका वाड्यात त्याला मुक्काम मिळतो आणि निघताना तिथली माणसे त्याला ढाल, तलवार, शिरस्त्राण, छातीचे चिलखत अशी हत्यारे देतात. ही कल्पना बन्यनने बायबलातून घेतली. संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण अशी शस्त्रसामग्री सांगितली आहे. मग नम्रतेच्या खोऱ्यात अपोल्योन नावाचा अक्राळविक्राळ राक्षस वाट अडवून उभा राहतो. यात्रेकरूच्या मनात येते, पळावे का? आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते की आपल्या पाठीला चिलखतच नाही. पाठ फिरवली तर बाण थेट पाठीत. तेव्हा उभे राहिल्यावाचून गत्यंतर नाही! अर्धा दिवस झुंज चालते. हातातली तलवारही एकदा निसटते. शेवटी राक्षस पळतो, पण यात्रेकरूच्या डोक्याला, हाताला, पायाला जखमा झालेल्या असतात. असा भ्यालेला, घायाळ झालेला वीर मला तरी पुराणांत फारसा भेटला नव्हता.

चार वर्षांनी, १६८२ साली, बन्यनने दुसरी एक रूपककथा लिहिली. तिचे नाव 'पवित्र युद्ध'. तीत माणसाचा आत्मा म्हणजे एक तटबंदीचे गाव आहे. त्याला पाच वेशी : कान, डोळे, तोंड, नाक आणि स्पर्श. गावकऱ्यांच्या संमतीवाचून या गावाचा तट जगातल्या कोणत्याही शत्रूला फोडता येत नाही. म्हणून सैतान तोफा डागत बसत नाही. तो कानाच्या वेशीपाशी येऊन गोड बोलतो, आणि वेस आतून उघडते. मग तो काय करतो पाहा. 'बुद्धी' नावाच्या नगराध्यक्षाला काढून टाकतो आणि त्याच्या घरापुढे एक उंच बांधकाम उठवून खिडक्यांतला उजेड बंद करतो. 'सदसद्विवेक' नावाच्या दप्तरदाराला नोकरीवरून दूर करतो. तो बिचारा मधूनच वेड्यासारखा गर्जतो आणि गाव दचकून पुन्हा झोपते. 'इच्छा' नावाचा मोठा सरदार मात्र सैतानाची चाकरी पत्करतो आणि वेशींच्या किल्ल्या सांभाळतो. ज्या मुलखाने फितुरीने पडलेल्या किल्ल्यांच्या गोष्टी आजीच्या मांडीवर ऐकल्या, त्याला हे वेगळे सांगायला नको. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे यांच्यासोबत हे इंदापूर होते. गढी, वेस आणि तट हे आमच्या रोजच्या बोलण्यातले शब्द.

आता हा इंग्रज वाटसरू मराठीत केव्हा आला? मुंबईत हरि केशवजी यांनी 'यात्रिक क्रमण' या नावाने त्याचे भाषांतर केले, ते १८४१ साली. मराठी गद्य तेव्हा नुकते पावले टाकू लागले होते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही पहिली मराठी कादंबरी समजली जाते. ती यायला अजून सोळा वर्षे होती.

परंतु वाचकहो, पाहुणा आला तेव्हा त्याच्यासाठी खोली आधीच सारवून ठेवलेली होती. इ. स. १२९० साली पुऱ्या झालेल्या ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय उघडून पाहा. तिथे साधक वैराग्याचे चिलखत चढवतो, राजयोगाच्या घोड्यावर बसतो आणि विवेकाच्या मुठीत ध्यानाचे खड्ग धरून निघतो. पौलाचे पत्र ज्ञानदेवांनी पाहिले असण्याचा संभव नाही, तरी दोघांना एकच गोष्ट दिसली. अकराव्या शतकात कृष्णमिश्राने 'प्रबोधचंद्रोदय' नावाचे संस्कृत नाटक लिहिले. त्यात राजा विवेक आणि राजा महामोह यांचे युद्ध आहे. दोघेही 'मन' या एकाच बापाचे मुलगे, एक निवृत्तीचा आणि दुसरा प्रवृत्तीचा. म्हणजे इथेही भाऊबंदकीच! हे नाटक १८५१ साली मराठीत छापले गेले. यात्रिक आणि विवेक असे दहा वर्षांच्या अंतराने मराठीच्या एकाच ओसरीवर येऊन बसले.

आणि आमच्या बारामतीचे मोरोपंत! आर्याभारतात कुरुक्षेत्राचे सारे रण त्यांनी आर्यांत बसवले. शंख, रथ, बाण, कशाला म्हणून कमी नाही. पण उतारवयात त्यांनी पृथ्वीवृत्तात 'केकावलि' लिहिली. मोराने मेघाला हाक घालावी तशी एका जिवाने देवाला घातलेली ती हाक आहे. अठरा अक्षौहिणी फौजा लढवून झाल्यावर कवी कऱ्हेकाठी एकटा उरला आणि त्याने आपले दैन्य देवापुढे मांडले. बाहेरचे युद्ध वर्णन करणे त्याला सोपे गेले असावे, असे मला केकावलि वाचताना वाटते.

इथवर सगळे गोड झाले. आता थोडे कारीटही चाखले पाहिजे.

आत्म्याच्या या लढाईत एक मोठा धोका असतो. शत्रू आत आहे हे मान्य करणे फार जड जाते. मग माणूस त्याला बाहेर आणून उभा करतो आणि शेजाऱ्याचा अंगरखा घालतो. खुद्द बन्यनचाही तोल इथे गेला आहे. त्याच्या वाटेवर एका गुहेत 'पोप' आणि 'पेगन' अशा नावांचे दोन दैत्य आहेत. म्हणजे ज्यांचा पंथ वेगळा ते दैत्य! आपला कृष्णमिश्रही सुटला नाही. त्याच्या नाटकात जैन, बौद्ध आणि कापालिक यांची टवाळी करून त्यांना महामोहाच्या पक्षात बसवले आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे धर्मांतरावरून वाद पेटले तेव्हा मिशनरी आणि शास्त्री या दोघांनीही हीच चूक पुष्कळदा केली. आतला महामोह बाजूला राहिला आणि एकमेकांच्या दारावर बाण पडू लागले.

मात्र बाहेर शत्रू नसतोच असेही कोणी समजू नये. 'यमुनापर्यटना'त बाबांनी विधवांचे हाल सांगितले. ते हाल खरे होते, आणि त्यांच्याशी लढणे हा धर्मच होता. तो अन्याय आपलाच आहे हे कबूल करायला समाजाला वेळ लागला, कारण कानाची वेस तिकडून बंद होती.

या लढाईची किंमत घराघरांनी दिली. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परत आल्या, आणि पुढे आपल्या विचाराने त्यांनीही तो धर्म स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येते आणि डोळेही भरतात. त्या सबंध पुस्तकात त्यांनी कुणालाही राक्षस केलेले नाही. ना सोडून गेलेल्या नवऱ्याला, ना सोवळ्या नातलगांना. टिळकही, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणत. पलीकडे गेल्यावर त्यांनी तो पूल तोडला नाही, अभंगातच ख्रिस्ताला गाइले.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा मी त्या शेजारच्या बाईंना विचारले, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. मग वारकऱ्यांना पाणी देता ते कोणत्या हिशेबात?"

त्या रांजण घासत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, वाटसरू तो वाटसरू. त्याच्या पाठीवर काय ओझं आहे ते त्याला ठाऊक, माझ्या पाठीवर काय ते मला. पाणी द्यायला काय जातं?"

मी पुढे काही बोललो नाही. त्या वर्षी बेलवाडीच्या रिंगणात घोडा धावला तेव्हा धूळ कपाळाला लावायला धावलेल्या गर्दीत मीही होतो, आणि राजयोगाच्या घोड्याची आठवण होऊन मनाशी हसलो.

राहता राहिला त्या मुलाचा प्रश्न. 'पवित्र युद्धा'च्या शेवटी राजपुत्र गाव परत जिंकतो. एकदा जिंकलेले गाव मध्येच पुन्हा गाफील झालेले असते, तेही सावरते. तरीसुद्धा सैतानाचे काही हस्तक तटाच्या भेगांतून लपून राहतात. राजपुत्र ते मुद्दामच राहू देतो. का? तर गावाने जागे राहावे म्हणून. ते अगदी निपटले तर गाव झोपेल.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या मुलाला जवळ बोलावून म्हटले, "बाळ, नरकासुर परत येत नाही रे. तो कुठे गेलेलाच नसतो. आपण झोपलो आहोत की जागे आहोत, एवढेच तो वर्षातून एकदा बघतो."

मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हणजे कारीट फोडायचं ते कुणाच्या नावानं, गुरुजी?"

"ज्याने त्याने आपापल्या," मी म्हणालो. "शेजाऱ्याच्या नावाने मात्र फोडू नकोस."